लाउटरब्रुनेनचं खोरं, बारा महिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राहायला आल्यापासून दर मार्च महिन्यात फोन सुरू होतात. कधी मावसभाऊ, कधी जुन्या ट्रेकिंग ग्रुपमधलं कुणी, कधी त्यांच्या ओळखीतलं कुणी. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. आल्प्समध्ये खोरी पुष्कळ आहेत. मी ज्या खोऱ्यात शनिवार-रविवारी जाते त्याबद्दलच लिहिलं आहे.

हे खोरं नेमकं कुठे आहे? इंटरलाकेन म्हणजेच ना?

इंटरलाकेन दोन तळ्यांच्या मधे, सपाटीवर आहे. तिथून डोंगरात शिरणाऱ्या छोट्या गाडीत बसलं की वीस मिनिटांत लाउटरब्रुनेन येतं. गाव साधारण ८०० मीटरवर आणि दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे. हिमनदीने कोरलेली ही घळ असल्यामुळे तळ सपाट आणि भिंती सरळसोट. कड्यांच्या माथ्यावर दोन गावं आहेत: पूर्वेकडे वेंगेन, पश्चिमेकडे म्युरेन. दोन्ही गावांत पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नाही. वर जायचं ते ट्रेनने, केबल कारने किंवा पायी. नावाचा अर्थ कुणी 'स्वच्छ झरे' असा लावतं, कुणी 'झरेच झरे' असा. खोऱ्यात ७२ धबधबे मोजले जातात, त्यामुळे दुसरा अर्थही खोटा म्हणवत नाही.

कोणता महिना सगळ्यात चांगला?

या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही, कारण ऋतू इथे तारखेपेक्षा उंचीवर ठरतो. दर शंभर मीटर चढलं की तापमान सरासरी अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. खाली लाउटरब्रुनेनला सफरचंदाला मोहोर आलेला असतो, त्याच दिवशी म्युरेनच्या वरच्या उतारावर बर्फाच्या कडेने केसराच्या जातीची जांभळी-पांढरी रानफुलं जमिनीतून डोकं काढत असतात, आणि ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख खिंडीत भर हिवाळा असतो. एका दिवसात तीन ऋतू बघता येतात आणि तिकीट एका खोऱ्याचंच काढावं लागतं.

इथले शेतकरी याच हिशेबाने जगतात. गाई हिवाळाभर गोठ्यात, वसंतात खालच्या कुरणात, मग मधल्या, आणि जूनच्या सुमारास अगदी वरच्या कुरणात. सप्टेंबरमध्ये त्याच पायऱ्यांनी खाली. गवत जसजसं वर हिरवं होत जातं तसा गोठाही वर सरकतो. 'आल्प' हा शब्द स्थानिक बोलीत शिखराला वापरत नाहीत, उन्हाळ्यातल्या या वरच्या कुरणालाच आल्प म्हणतात. पाऊस संपल्यावर घाट उतरून कोकणात जाणारे आणि पावसाआधी परत फिरणारे आपले धनगर आठवा, म्हणजे ही ये-जा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की महिना तुमच्या सोयीचा घ्या आणि उंची त्या महिन्याच्या सोयीची. तरीही एकच उत्तर हवं असेल, तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.

आमच्या मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते. मग काय करायचं?

निम्म्याहून जास्त फोन याच प्रश्नाचे असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथे मे हा मधला हंगाम. स्कीचे दिवस संपलेले असतात आणि उंचावरच्या पायवाटा अजून उघडलेल्या नसतात. या फटीत बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात, काही हॉटेलंही कुलूप लावून सुट्टीवर जातात. वेंगेनच्या वरच्या मेनलिखेन किंवा म्युरेनच्या वरच्या आल्मेंडहूबेलवरून चालायचं ठरवून आलात आणि खाली 'रेविझिऑन' (देखभाल) अशी पाटी दिसली, तर कुणावर रागवू नका. बुकिंगच्या आधी प्रत्येक केबल कारचं त्या वर्षीचं वेळापत्रक बघा. वेंगेनची आणि युंगफ्राउयोखची ट्रेन मात्र मेमध्येही धावते.

मेमध्ये खालचं खोरं आपल्या परीने श्रीमंत असतं. बर्फ वितळत असतो, त्यामुळे धबधबे भरून कोसळतात. लाउटरब्रुनेनपासून श्टेखेलबर्गपर्यंत नदीकाठची वाट सपाट आहे. सहा-सात किलोमीटर, रमतगमत दोन तास. कुरणं डँडेलियनच्या फुलांनी पिवळीधमक झालेली असतात. लहान मूल असेल तर बाबागाडीही नेता येते.

वर मात्र जपून. माझ्या इथल्या पहिल्याच मेमध्ये मी म्युरेनहून रोटश्टॉक हट्टेच्या, म्हणजे डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीच्या, वाटेला लागले होते. ऊन छान होतं, अंगात टी-शर्ट होता, आणि सह्याद्रीत इतकी वर्षं फिरल्याचा माज होता. एका सावलीतल्या वळणावर तिरप्या उतारावर जुना बर्फ वाट गिळून बसला होता. रात्री गोठल्यामुळे काचेसारखा कडक, आणि खाली थेट ओढा. दोन पावलं टाकली, पाय सरकला, बसून मागे आले. मेमध्ये बर्फाचा असा एक पट्टा सगळा बेत मोडू शकतो. तिथून परत फिरायचं.

धबधबे कधी बघावेत?

श्टाउबबाख हा गावाच्या डोक्यावरच आहे, उंची २९७ मीटर. 'श्टाउब' म्हणजे धूळ. पाणी खाली पोचेपर्यंत वाऱ्याने त्याचा भुगा होतो, म्हणून हे नाव. मे-जूनमध्ये तो जोरात असतो, उन्हाळा सरत आला की रोडावतो. त्याच्या मागून खडकात कोरलेली वाट आहे, पण हिवाळ्यात ती बंद असते.

ट्र्युमेलबाखची गोष्ट वेगळी. तो बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून एकाखाली एक अशा दहा टप्प्यांनी उतरतं. भर उन्हाळ्यात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत लिफ्ट आहे, दिव्यांनी उजळलेले बोगदे आहेत आणि असा आवाज आहे की शेजारच्याशी बोलता येत नाही. इथे हिशेब उलटा आहे: जितकं ऊन कडक तितकं पाणी जास्त. त्यामुळे जुलै-ऑगस्टमधल्या तापलेल्या दुपारी जा. रेनकोट घालूनच आत शिरा. थंडीच्या महिन्यांत बंद. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत.

सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. इथले ट्रेक झेपतील का?

दम नक्की पुरेल. राजगड, हरिश्चंद्रगड करणाऱ्यांना इथली चढण नवी नाही. फरक पडतो तो वाटेच्या रंगात, आणि तो शिकायला पाच मिनिटं लागतात.

नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, साध्या बुटांनीही जमते. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: अरुंद, चढउताराची, कधी साखळदंड लावलेली. इथे चांगल्या पकडीचे बूट आणि न गरगरणारं डोकं हवं. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे कड्याकपारी, हिमनदी, दोर. अनुभवी सोबती नसेल तर त्या पाटीचा फोटो काढा आणि मागे वळा. पाटीवर अंतर किलोमीटरमध्ये नसतं, वेळ लिहिलेली असते, आणि ती न थांबता चालणाऱ्याची असते. फोटो, ठेपले आणि गप्पा धरून दीडपट समजा.

माझी आवडती वाट खोऱ्याच्या मागच्या टोकाला आहे. श्टेखेलबर्ग ९१० मीटरवर, तिथून ओबरश्टाइनबेर्ग जवळपास १७८० मीटरवर. अडीच ते तीन तासांची सणसणीत चढण. वरच्या जुन्या पांथशाळेत रात्री मेणबत्तीच्या उजेडात जेवण होतं. आणखी तासभर चाललं की ओबरहोर्नसे नावाचं छोटंसं निळं-हिरवं तळं लागतं, मागे हिमनद्या टांगलेल्या. हा सगळा भाग २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्टेशनवर जी गर्दी दिसते तिच्यातलं अर्ध टक्काही इथवर पोचत नसावं, असा आपला माझा अंदाज.

उन्हाळ्यात पाऊस पडतो का?

पडतो, आणि आपल्या मान्सूनसारखा सांगून-सवरून येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असते, अकराच्या सुमारास शिखरांवर ढगांचे कोबी उगवायला लागतात, आणि तीन-चारला विजा. त्यामुळे लवकर निघायचं आणि दुपारी दोनपर्यंत कड्याच्या धारेवरून उतरलेलं असायचं. मेटिओस्विसचा अंदाज आदल्या रात्री आणि परत सकाळी बघा. स्विसटोपोच्या अ‍ॅपमध्ये पायवाटांचे नकाशे आहेत, आणि बंद वाटाही दाखवतात.

एखाद्या ओढ्याला सकाळी घोटाभर पाणी असेल तर संध्याकाळी परत येताना तेवढंच असेल असं धरून चालू नका. पाऊस न पडताही हिमनदीचं पाणी दुपारी वाढतं.

वाटेत गाई असतात. घाबरायचं कारण आहे का?

गाईंच्या देशातून आलोय, आम्हाला काय गाई शिकवता, असं मला एका काकांनी ऐकवलं होतं. आपल्याकडची गाय माणसांच्या गर्दीत वाढते. इथली उन्हाळाभर वासरासोबत मोकळी असते, आणि वासरू असलेली गाय अंगावर येऊ शकते. वासराला हात लावायचा नाही, कळपाच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा. कुत्रा सोबत असेल आणि गाय धावून आली तर कुत्र्याची दोरी सोडून द्यायची. कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे लावा. तार बारीक दिसली तरी वीज असते.

हिरव्या गवतात बसून फोटो काढले तर?

नका काढू. ते गवत म्हणजे पीक आहे. उभ्या ज्वारीत कुणी चादर अंथरली तर शेतकरी जे म्हणेल तेच इथलाही म्हणतो, फक्त हळू आवाजात. कापणी झाल्यावर किंवा बाकांवर खुशाल बसा. सुमारे अडीच हजार वस्तीच्या या ग्रामपंचायतीत उन्हाळ्यात जी माणसं लोटतात, त्यामुळे मोटारीने येणाऱ्या एका दिवसाच्या पर्यटकांकडून शुल्क घ्यावं का, अशी चर्चा २०२४ मध्ये सुरू झाली होती. गावकऱ्यांच्या जागी मी असते तर मीही तीच काढली असती.

डोंगरातल्या हट्टेत मुक्काम कसा असतो?

'हट्टे' म्हणजे डोंगरावरची विश्रांतीची झोपडी, पण चांगली दगडी-लाकडी आणि जेवणासकट. स्विस आल्पाइन क्लब १८६३ पासून अशा झोपड्या बांधत आला आहे, काही खाजगीही आहेत. आधी आरक्षण हवंच, आणि जमणार नसेल तर फोन करून कळवा. तुम्ही आला नाहीत तर लोक तुम्हाला शोधायला निघतात.

बूट दारात काढायचे, आतल्या सपाता घालायच्या. एका लांब पलंगावर ओळीने गाद्या. स्वतःची पातळ रेशमी किंवा सुती खोळ न्यायची. जेवण सगळ्यांचं एकत्र, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, एकच बेत. शाकाहारी हवं असेल तर आरक्षणाच्या वेळीच सांगा, टेबलावर बसल्यावर नव्हे. दहाला दिवे बंद, आणि मग घोरणाऱ्यांची संगीतसभा. कानात घालायचे बोळे विसरू नका.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लोबहोर्न हट्टे छान, १९५५ मीटरवर, झुलवाल्डहून दोनेक तास. समोर तिन्ही मोठी शिखरं एका ओळीत.

तंबू लावता येतो का?

खाली अधिकृत तळ आहेत, तिथे लावा. कुरणात किंवा संरक्षित भागात कुठेही ठोकायचा नाही.

आम्हाला स्की येत नाही. हिवाळ्यात येऊन काय करणार?

बरंच काही. वेंगेन आणि म्युरेनभोवती हिवाळ्यासाठी खास वाटा दाबून तयार करतात, त्यांच्या पाट्या गुलाबी असतात. ढोपरभर बर्फाच्या मधून, साध्या गरम बुटांनी, सूचिपर्णी झाडांच्या रांगांतून चालायचं. बाकी काहीही न करता एवढ्यासाठीच मी जानेवारीत जाते. घसरगाडीही मिळते: क्लायने शायडेग खिंडीतून वेंगेनकडे किंवा आल्मेंडहूबेलहून म्युरेनकडे. ब्रेक म्हणजे स्वतःच्या टाचा. पहिल्या वळणावर बहुतेक जण पडतात, मी अजूनही पडते. शेजारच्या ग्रिंडेलवाल्डला 'फेलोगेमेल' नावाची लाकडी बर्फ-सायकल आहे. १९११ मध्ये तिथल्याच एका सुताराने काढलेली, अजून चालते.

बघण्याचाही एक मोठा सोहळा असतो. वेंगेनची लाउबरहोर्न स्की शर्यत, १९३० पासून, दर जानेवारीत. जवळजवळ साडेचार किलोमीटरचा उतार, विश्वचषकातला सगळ्यात लांब, आणि वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्किल असतं. समोरच्या म्युरेनला इतिहासाचा मान जास्त: आधुनिक स्लॅलम (खांबांमधून वळणं घेत उतरायची) शर्यत १९२२ मध्ये इंग्रज आर्नोल्ड लन यांनी तिथे घेतली, आणि १९३१ ची पहिली आल्पाइन स्की जागतिक स्पर्धाही तिथलीच. दोन्ही गावांची यावरून अजून चढाओढ चालते.

एक गोष्ट मात्र राहायला खोली घेण्याआधी लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत लाउटरब्रुनेनच्या तळाशी ऊन फार थोडा वेळ पोचतं. दोन्ही कडे इतके उंच की सूर्य डोकावतो आणि जातो. हिवाळ्यात राहायचं तर वर राहा. सकाळचं ऊन आवडत असेल तर म्युरेन, दुपारनंतरचं हवं असेल तर वेंगेन.

हिमस्खलनाची भीती कितपत?

दाबलेल्या आणि उघड्या ठेवलेल्या वाटांवर चिंता नको. त्या बंद केल्या असतील तर दोरी ओलांडू नका, इतकंच. दाव्होसची हिम-संशोधन संस्था हिवाळ्यात रोज धोक्याची पातळी जाहीर करते, एक ते पाच. यातली तीन ही मधोमध असल्यामुळे लोकांना 'ठीकठाक' वाटते. ती तशी नाही. तिचं अधिकृत नाव 'लक्षणीय' आहे, आणि जीवघेणे अपघात पुष्कळदा याच पातळीला होतात. नव्या बर्फावर स्वतःच्या पावलांच्या खुणा उमटवायचा मोह आवरा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर?

ऑक्टोबर सुंदर असतो. खालच्या उतारांवर मेपल आणि बीचची झाडं पिवळी-तांबडी होतात, हवा स्वच्छ असते, आणि बर्नमध्ये आम्ही दाट धुक्याखाली कुडकुडत असताना वर म्युरेनला लोक उन्हात बसून कॉफी पितात. वरून बघितलं तर तेच धुकं समुद्रासारखं पसरलेलं दिसतं. सोनेरी लार्चची जंगलं बघायची असतील तर मात्र स्वित्झर्लंडमधलेच वाले किंवा एंगाडिन हे भाग गाठा, इथे ती नाहीत.

नोव्हेंबरात येऊ नका.

शाकाहारी खायला काय मिळतं?

रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं कुरकुरीत थालीपीठ म्हणा. एल्प्लरमाग्रोनेन: मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, आणि सोबत सफरचंदाचा गोड रस्सा. पहिल्या घासाला विचित्र वाटतं, तिसऱ्याला दुसरी ताटली मागवाविशी वाटते. यात बऱ्याचदा हॅमचे तुकडे असतात, विचारून घ्या. काटेकोर शाकाहारी असाल तर आणखी एक: डोंगरातलं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. ज्यांना हे चालत नाही त्यांना आधीच माहीत असलेलं बरं. ज्यांना चालतं त्यांनी होबेलकेझे जरूर घ्यावं, दीड-दोन वर्षं मुरलेलं, कागदासारखं पातळ किसून गुंडाळ्या करून खातात.

गावातल्या हौदाचं पाणी पिता येतं. 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तेवढं सोडून.

आई-बाबांचे गुडघे दुखतात, त्यांनाही यायचं आहे.

आणा. केबल कारने ग्र्युचआल्पला जा आणि तिथून छोट्या ट्रेनने म्युरेनला. बाकांची कमतरता नाही, आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ. ज्यांना थोडं चालवतं त्यांनी ग्र्युचआल्प ते म्युरेन हे अंतर रुळांच्या बाजूने चालावं, साडेचार-पाच किलोमीटर, जवळपास सपाट. मधल्या विंटरएगला थांबून परत गाडीत बसता येतं. वाटेत समोरून येणारा 'ग्रुएसेख' म्हणेल, तोच आपला रामराम. उलट म्हणा, खूश होतात.

युंगफ्राउयोखला जावंच का?

१९१२ मध्ये डोंगर पोखरून तिथवर रेल्वे नेली, हे काम थक्क करणारं आहे, आणि आलेत्श हिमनदी वरून बघणं विसरता येत नाही. पण तिकीट महाग, गर्दी प्रचंड, आणि ढग असले तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. सकाळी वरचा वेबकॅम बघूनच तिकीट काढा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेंगेन आणि म्युरेनपर्यंत वेगळं तिकीट लागत नाही, त्याच्या वर सवलत मिळते. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. वर हळू चाला, पाणी पीत राहा, डोकं दुखायला लागलं तर पुढची गाडी पकडून खाली या.

अपघात झाला तर कोणाला फोन?

१४४ रुग्णवाहिका, १४१४ हेलिकॉप्टर बचाव सेवा रेगा, ११२ कुठूनही. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. कौतुकाने दोन्ही हात हलवून टाटा करू नका. फोन नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा विजेरी, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. प्रवास विम्यात डोंगरातला बचाव धरलेला आहे का ते भारतातूनच तपासून निघा.

एकच दिवस आहे. एकच. काय करू?

सकाळी आठच्या आत लाउटरब्रुनेन. ग्र्युचआल्पहून म्युरेनपर्यंत चाला, तिथे डबा खा. मग डांबरी उतारावरून चाळीसेक मिनिटांत गिमेलवाल्ड. तिथे एक विक्रेता नसलेलं दुकान आहे, वस्तू घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे. सुटे फ्रँक ठेवा. गिमेलवाल्डहून केबल कारने खाली श्टेखेलबर्ग, आणि नदीकाठाने चालत परत. ट्र्युमेलबाख याच वाटेवर आहे, तो उघडा असेल तर दुपारी तीन-चारची वेळ त्याच्यासाठी ठेवा. पाय बोलायला लागले तर पिवळी पोस्टबस याच रस्त्याने धावते.